नाव न घेता धरलेला गडी

लग्न होऊन मी थेरगावच्या घरात आले तेव्हा पुढच्या खोलीत दिवसभर पुरुष माणसं बसलेली असायची. सासरे, त्यांचे दोन भाऊ, जमिनीच्या कामासाठी येणारे-जाणारे. नळ पुढच्या अंगाला आणि मोरी मागं, त्यामुळे हंडा घेऊन त्या खोलीतूनच जावं लागायचं. समोरून जायचं नाही, हे कुणी शिकवलं नव्हतं, ते ठाऊकच होतं. मी दारात थांबून आधी कुणाची मान कुठं वळली आहे ते बघायची. बोलणारा माणूस ज्याच्याशी बोलतो त्याच्याकडे बघतो. तंबाखू मळणारा स्वतःच्या तळहाताकडे बघतो. दोघांच्या नजरा अशा अडकल्या की भिंतीच्या कडेनं, पाठीमागून निघून जायचं. सासरे म्हणायचे, "ही सून घरात हाय का न्हाई, काय कळंना." ते हे कौतुकानं म्हणायचे.

लेकीचा खेळ मला लवकर कळला तो यामुळे.

लेक कॉलेजात असताना संध्याकाळी कॉम्प्युटरवर एक खेळ खेळायची. त्यात कुठली कुठली माणसं एकाच वेळी असतात. प्रत्येकानं आपला एक लढवय्या निवडलेला असतो. कुणी कुऱ्हाडवाला, कुणी आग फेकणारा, कुणी जखमा बऱ्या करणारा. माणसं एकमेकांविरुद्ध लढतात, तीन विरुद्ध तीन. मी शेजारी मेथी निवडत बसायची. एक जात अशी होती की तिला लपता यायचं. लपली की ती समोरच्याला दिसत नाही, पण चाल हळू होते, आणि अगदी नाकासमोर गेली तर दिसतेसुद्धा. पाठीमागून गेली तर दिसत नाही. लेकीच्या गटातली लपणारी मुलगी सारखी समोरून जायची आणि सापडायची. एकदा न राहवून मी म्हटलं, "अगं, तिला सांग, तो वळेपर्यंत थांब म्हणावं."

लेक खुर्चीत मागं वळली. "आई, तूच खेळ ना."

मी हसण्यावारी नेलं. पण पुढं तिला बंगळूरला नोकरी लागली, कॉम्प्युटर घरी राहिला, आणि जायच्या आधी महिनाभर तिनं मला शिकवलं. हात बसायलाच पंधरा दिवस गेले. डाव्या हातानं चालायचं, उजव्या हातानं वळायचं, आणि डाव्याच हाताच्या बोटांनी वार करायचे. भाकरी थापताना दोन्ही हात वेगळं काम करतात, तसं आपोआप होईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. मी भिंतीवर आपटत राहिले.

हात बसल्यावर मग खरं शिक्षण. लपलेल्याचा पहिला वार सगळ्यात जड असतो, म्हणून तो वाया घालवायचा नाही. लपून असताना कुणाची ठिणगी जरी अंगावर पडली तरी उघडे पडतो, म्हणून जिथं आगीचा गोंधळ चालू आहे तिथून लांब फिरून यायचं. समोरच्याला जखडून ठेवता येतं, पण त्यालाच लगेच दुसऱ्यांदा जखडलं तर निम्माच वेळ टिकतं, तिसऱ्यांदा पाव, चौथ्यांदा काहीच नाही. वीस मोजेपर्यंत त्याला सोडलं तरच पुन्हा पहिल्यासारखं. आणि प्रत्येकाकडे एक सुटका असते. ती वापरली की तो जखडीतून मोकळा होतो, पण मग दोन मिनिटं त्याला ती परत मिळत नाही. म्हणून पहिला हल्ला खरा करायचा नसतो. तो फक्त समोरच्याला घाबरवून सुटका वापरायला लावण्यासाठी. त्यानं ती वापरली की आपण भर लढाईतून गायब व्हायचं, हेही एकदा केलं की बराच वेळ परत मिळत नाही, आणि थांबायचं. दुसरा हल्ला खरा.

बहुतेकांचं चुकतं ते या थांबण्यात. एवढा धीर निघत नाही. मला त्यात काही अवघड वाटलं नाही.

वर्षभरात मी लेकीच्या तिघांच्या गटात पक्की झाले. लेक जखमा बऱ्या करायची. तिसरा होता तिच्या कॉलेजातला एक मित्र, मूळचा लातूरकडचा, आता चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला, रहाटणीत दोघं-तिघं मिळून फ्लॅट घेऊन राहणारा. तो आग फेकायचा, आणि गट चालवायचाही तोच. मला त्यानं कधी पाहिलं नव्हतं. मीच लेकीला सांगितलं होतं, माझ्याबद्दल काही सांगू नकोस. ती त्याला म्हणाली, मैत्रीण आहे, लाजाळू आहे, बोलत नाही. ते दोघं माइकवर बोलायचे, मी हेडफोन कानाला लावून ऐकायची. मला काही सांगायचं असलं की आकडा टाइप करायची. एक म्हणजे मी त्याच्या मागं आहे, दोन म्हणजे जखडला, तीन म्हणजे त्याची सुटका गेली. एवढ्यावर आमचं चालायचं.

तो वाईट नव्हता, पण हरलो की तोंड सुटायचं. "कुणाला धरलीस? अगं, तिघं हायत तिथं, मला कसं कळावं? म्हैशीवानी गप उभी राहू नको." लेक त्याला झापायची. मी पुढच्या डावाची तयारी करायची.

या वर्षी त्यानं एका स्पर्धेत आमच्या गटाचं नाव घातलं. सरावात आम्ही सारखं एकाच गोष्टीत मार खायला लागलो. आकडा टाइप करायला माझं बोट लढाईच्या बटनावरून उठायचं, दोन क्षण जायचे, आणि तेवढ्यात जखडलेला गडी सुटायचा. तिसऱ्या पराभवानंतर तो चिडला नाही, शांतपणे बोलला. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"हे बघ, खेळतीस तू भारी. तुझ्यासारखं मागनं जाणारं मी कुणी बघितलं नाही. पण रविवारपासून बोलावं लागंल. ज्याला धरलीस त्याच्या डोक्यावरचं नाव घ्यायचं. फक्त नाव. नाहीतर माझा रूममेट खेळतो हीच जात, त्याला घेतो. राग मानू नको."

लेकीनं नंतर फोन केला. "आई, नको वाटत असेल तर राहू दे. मी त्याला समजावते."

"नको," मी म्हटलं. "बोलते मी."

ती जागा मला हवी होती. घरात माझ्यावाचून अडतं, ते स्वयंपाकाला, धुण्याला. त्याला मी कमी म्हणत नाही. पण त्या तिघांतली जागा मी शिकून मिळवली होती, आणि कुणा रूममेटला ती फुकट द्यायला मी तयार नव्हते. आठवडाभर मी भांडी घासताना कुठलीही नावं मोठ्यानं घेऊन पाहिली. भाजीवाल्याचं, पाट्यांवरची, औषधाच्या बाटलीवरची. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण इंग्रजी अक्षरं लेकीनं शिकवली होती. सावकाश का होईना, नाव लागायचं.

रविवारी दुपारी जेवणं झाली. हे, म्हणजे माझे यजमान, आतल्या खोलीत झोपले होते. ते चाकणला एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतात, रविवारची झोप म्हणजे त्यांची हक्काची. मी दार ओढून घेतलं आणि बसले.

पहिल्या फेरीत मी बोलले. आवाज इतका बारीक निघाला की तो म्हणाला, "माइक तोंडाजवळ घे जरा." मी घेतला. एक परकं नाव उच्चारलं. लगेच त्याची आग त्या नावावर जाऊन पडली. मी नाव घ्यायचं आणि आग तिथं पडायची. इतकं सोपं होतं ते. पहिली फेरी आम्ही जिंकलो. तो म्हणाला, "हे असं! वर्षभर कुठं होतीस गं?"

दुसऱ्या फेरीत जो तीनपैकी दोन डाव जिंकेल तो पुढं जाणार होता. समोर एक कुऱ्हाडवाला आणि दोघं पांढऱ्या झग्यातले. झगे अगदी सारखे. एक शाप देणारा, एक बरं करणारा. बरं करणाऱ्याला आधी धरायचं, हा आमचा नेम. मी लांबून फिरून खांबाच्या मागं गेले, दोघांपैकी बरं करणारा कोण ते हातातल्या उजेडावरून ओळखलं, पाठीमागून गाठला, जखडला, आणि डोक्यावरचं नाव वाचायला लागले.

ते वाचावं लागलंच नाही. सगळ्या इंग्रजी अक्षरांत मला सगळ्यात ओळखीची अक्षरं तीच. रोज सकाळी कंपनीच्या बिल्ल्यावर मी ती बघते, बिल्ला त्यांच्या हातात देते. यांचंच नाव. नाव साधं आहे, आमच्या गल्लीतसुद्धा त्या नावाचे तिघं आहेत. कुणीतरी आपल्या लढवय्याला आपलंच नाव दिलं होतं.

माझं तोंड उघडंच राहिलं.

"कोण? कुणाला धरलीस?" तो ओरडला. "नाव!"

मी "ते... ते" केलं.

"ते कोण? दोघं हायत! नाव घे की!"

जखड सुटली. शाप देणाऱ्यानं मला पाहिलं. कुऱ्हाडवाला लेकीवर धावला. एका मिनिटात आम्ही तिघंही आडवे.

"काय झालं? आवाज गेला का तुझा?" तो वैतागून म्हणाला. "मगाशी पोपटावानी बोलत होतीस. एवढं सोपं नाव, शाळेतल्या पोरालाबी येतंय. घे बघू आता, म्हण."

मी काही म्हणेना. तेवढ्यात लेकीला खुद्कन हसू फुटलं. तिनं आवरायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

"तू कशाला हसायलीस?"

"अरे, ती नाही घेणार ते नाव. बाबांचं नाव आहे ते."

"कुणाच्या बाबांचं?"

"माझ्या."

पलीकडे त्याची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"म्हणजे ही तुझी..."

"आई."

"आयला," तो म्हणाला, आणि लगेच, "सॉरी, सॉरी. काकू, नमस्कार. काकू, मी तुम्हाला म्हैस म्हणलो का हो?"

"दोनदा," मी म्हटलं. त्या दिवशी मनापासून बोललेला हा माझा पहिला शब्द.

"मरा आता," तो स्वतःलाच म्हणाला. "माझी आईबी नाही घेत आमच्या अण्णांचं. रेशनच्या दुकानात मला पुढं करायची नाव सांगायला. काकू, उखाण्यात घेता येतंय का?"

"उखाणा संपेपर्यंत तो पळून जाईल की रे," लेक म्हणाली.

"तेबी खरंय. मग घरात काय म्हणता तुम्ही?"

"हे," मी म्हटलं.

"मग 'हे' म्हणा. आपल्या तिघांना कळलं म्हणजे झालं. हे म्हणजे तो बरं करणारा. ठरलं?"

ठरलं. दुसरा डाव सुरू झाला. माझा हात आता मोकळा चालायला लागला. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कुऱ्हाडवाला लांब आहे तोवर मी मागनं जाऊन शाप देणाऱ्याला गुंगी घातली. गुंगीत असलेल्याला कुणी हात लावायचा नसतो, लावला की तो जागा होतो. तेवढ्यात दुसऱ्याला गाठलं.

"हे खांबामागं आहेत. धरलंय."

"आलो. सुटका गेली का?"

"ह्यांनी वापरली. परत धरते."

"काकू, तुमच्या ह्यांना जाळू का?"

"जाळ रे एकदाचं," लेक म्हणाली, आणि हसता हसता तिनं मला वेळेवर बरंसुद्धा केलं. तो डाव आमचा.

तिसऱ्या डावाला समोरचे सावध झाले. कुऱ्हाडवाला सरळ लेकीच्या मागं लागला आणि तिला पाडूनच थांबला. तिच्या बदल्यात आम्ही शाप देणारा पाडला. मग आमच्या आग फेकणाऱ्यानं कुऱ्हाडवाल्याला पाडलं, पण त्याच वेळी कुऱ्हाडीचा घाव बसून तो स्वतःही पडला. मला कुऱ्हाड लागून निम्मा जीव गेला होता. मी गायब झाले. मैदानात उरलो मी आणि 'हे'. त्यांचा जीव पूर्ण भरलेला.

पडलेल्यांना फक्त बघता येतं. 

तो गडी हुशार होता. खांबाला पाठ लावून उभा राहिला, म्हणजे मागून जायची वाटच बंद. आणि थोड्या थोड्या वेळानं पायाभोवती उजेडाचं कडं फेकायचा. त्या कड्यात सापडलं की मी उघडी पडले असते. मी मोजलं. कडं पडलं की आठ मोजेपर्यंत दुसरं पडत नाही. पण पाठ खांबाला आहे तोवर त्या आठांचा उपयोग नव्हता.

डाव लांबला की त्या मैदानात बरं करणं हळूहळू कमी लागू पडतं, असा नियम आहे. म्हणजे थांबण्यात नुकसान त्याचं होतं, माझं नाही. हे त्यालाही माहीत असणार. आज ना उद्या त्याला मला शोधायला बाहेर यावंच लागणार. मी लांब जाऊन उभी राहिले.

तेवढ्यात मागं दार वाजलं. हे उठले होते. रविवारी ते उठले की मी चहा टाकते, पंचवीस वर्षांत त्यात खंड पडला असेल तर आजारपणाचा. ते दारात उभे राहून म्हणाले, "चहा झाला का न्हाई?"

मी मागं न बघता डाव्या हाताचा तळवा वर केला. बोट बटनावर परत ठेवलं. असं मी त्यांना कधी केलं नव्हतं.  कॉटची करकर ऐकू आली, म्हणजे मागं बसले.

पडद्यावर गडी खांब सोडून निघाला. चार पावलं, कडं. परत चार पावलं. मी त्याच्याभोवती लांबून वळसा घेतला. कडं पडलं. एक, दोन, तीन. मागून गेले आणि साधाच जखडला, वरवरचा. तो घाबरला. डावाच्या सुरुवातीला वापरलेली त्याची सुटका दोन मिनिटं होऊन परत आली होती, ती त्यानं तिथंच वापरली. माझं गायब होणं अजून परतलं नव्हतं. म्हणून मी पळाले. खांबाच्या आड, नजरेआड, जीव मुठीत धरून. त्याचे उजेडाचे दोन बाण खांबावर बसले, तिसरा मला लागला. थोडाच जीव उरला. त्याला मी दिसेनाशी झाले, लढाई थंडावली, आणि मला पुन्हा साधं लपता आलं.

मग वीस मोजले. घाई केली नाही. एकोणिसाव्याला तो माझ्याकडे पाठ करून उभा होता, तरी विसावा मोजला.

पहिली जखड पूर्ण. मग निम्मी. त्यात बसतील तेवढे वार. त्यानं स्वतःला बरं करायला हात उचलला, पण आता ते निम्मंसुद्धा लागू पडत नव्हतं. तिसरी जखड पाव. तेवढी पुरली.

"हे पडले," मी माइकवर म्हटलं.

कानात लेक आणि तो दोघं एकदम ओरडले. मागून यांनी विचारलं, "कोण पडलं?"

"खेळातला गडी."

"कुठं लागलं का त्याला?"

"पडला म्हणजे संपला. आम्ही जिंकलो."

ते उठून जवळ आले, पडद्यावर वाकून बघायला लागले. पडलेल्याच्या डोक्यावर नाव अजून होतं. त्यांनी ते वाचलं. त्यांना इंग्रजी माझ्यापेक्षा लवकर लागतं.

"आरं तिच्या," ते म्हणाले. "माझंच नाव दिलं व्हतं व्हय त्याला?"

"त्याचं त्याचं होतं."

"आन् तू मारलंस."

मी मान हलवली. त्यांनी ते नाव परत एकदा वाचलं, मग चहाचं भांडं शोधायला आत गेले. "साखर वरच्या फळीवर आहे," मी आतल्या बाजूला ओरडून सांगितलं.

"काय काकू?" कानात तो म्हणाला.

"तुला नाही. घरात."

तिसरी फेरी आम्ही सरळ हरलो, दोन्ही डाव. समोर माझ्यासारखीच एक लपणारी होती. डाव सुरू होतो न होतो तोच तिनं मलाच मागून येऊन गुंगी घातली. ती कुठून आली ते मला अजून कळलेलं नाही. लेकीला वाईट वाटलं. तो मात्र म्हणाला, "मागच्या वेळी, काकू नव्हत्या तेव्हा, पहिल्याच फेरीत घरी गेलो होतो आपण. ते विसरू नका." मग त्याचा आवाज जरा बदलला. "रूममेटला मी सांगितलंय, दुसरा गट बघ म्हणून. काकू, लपणाऱ्याला लपणाऱ्यानं कसं हुडकायचं याचा सराव करावा लागंल आपल्याला. सोमवारी मला सेकंड शिफ्ट हाय, बारापर्यंत घरीच असतो. तुम्हाला जमंल का?"

"नऊला यांचा डबा जातो," मी म्हटलं. "मग दळणाला जायचंय. साडेदहाला बसते."

"बरं. साडेदहा."

"आणि तुझ्या रूममेटलाही सांग यायला. लपायला कुणीतरी लागेल."